मैदानाला दिलेला वेळ कोणाचा असतो?

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. आपण ऐरोलीत राहता, वय ३१ आहे, एका खासगी शाळेत खेळाचे शिक्षक आहात, सेट (महाविद्यालयीन अध्यापनाची राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) उत्तीर्ण झाला आहात आणि ठाण्यातील एका पदवी महाविद्यालयातून शारीरिक शिक्षण संचालक या पदाच्या मुलाखतीचे बोलावणे आले आहे. पत्नी महापे येथील कंपनीत नोकरी करते, मुलगी दोन वर्षांची आहे, आईला संधिवात आहे आणि सासऱ्यांनी स्पष्ट सांगितले आहे की मैदानावरचा माणूस घरचा राहत नाही. मन लावून काम करणारा क्रीडा प्राध्यापक आणि घराकडे नीट लक्ष देणारा माणूस, या दोन्ही गोष्टी एकाच आयुष्यात साधतात का, असे आपण विचारले आहे. मी १९८९ ते २०२२ अशी ३३ वर्षे ठाण्यातील एका महाविद्यालयात हेच काम केले, त्यातली बरीच वर्षे कळव्यात राहून केली, आणि माझ्या हातून चुकाही झाल्या. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपण हा प्रश्न वेळेचा म्हणून मांडला आहे. रोज किती तास जातात, रविवार मिळतो का, सुट्ट्या किती असतात, हे सारे मी सांगेन. परंतु या पेशातली घरे तासांच्या टंचाईमुळे दुखावलेली मी फारशी पाहिली नाहीत. रेल्वेत, पोलिसांत, रुग्णालयांत काम करणारी माणसे आपल्यापेक्षा जास्त तास बाहेर असतात आणि त्यांचे संसार चांगले चालतात. आपल्या कामाची अडचण अशी की ते चांगले काम मानले जाते. ते विद्यार्थ्यांसाठी असते, त्यात स्वार्थ दिसत नाही, त्यामुळे घरच्यांना त्याला नाही म्हणणे जड जाते, आणि त्यांच्या या संकोचाचा लाभ आपण नकळत घेत राहतो. माझ्या मते आपला खरा प्रश्न असा आहे की मैदानाला आपण जो वेळ देणार आहात तो कोणाच्या वाट्याचा आहे, आणि तो उचलण्यापूर्वी त्यांना विचारले जाणार आहे का.

परिस्थितीनुसार बदलणाऱ्या काही गोष्टी आधी सांगतो. पद अनुदानित आहे, विनाअनुदानित आहे की तासिका तत्त्वावरचे आहे, यावर घराचे आर्थिक गणित ठरते. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्या आम्हा लोकांना जुनी निवृत्तिवेतन योजना मिळाली; त्यानंतर नियुक्त झालेल्यांसाठी अंशदानाची, म्हणजे पगारातून वाटा भरण्याची, पद्धत आली, तेव्हा नियुक्तिपत्रातल्या सेवाशर्ती पत्नीबरोबर बसून वाचा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे महाविद्यालयाला स्वतःचे मैदान आहे का ते पाहा. ठाण्यात कितीतरी महाविद्यालयांकडे इमारतींमधले अंगण तेवढे असते. मग बाहेरच्या मैदानाची परवानगी काढायची, मिळेल ती वेळ घ्यायची, जाळी, चेंडू आणि प्रथमोपचाराची पेटी रिक्षात घालून न्यायची, यात रोजचा तास-दीड तास जातो आणि तो कोणत्याही नोंदवहीत दिसत नाही. मैदानाला सेवक आहे का, जिमखाना समितीतले सहकारी संघाबरोबर प्रवासाला तयार असतात का, हेही विचारा. या दोन प्रश्नांची उत्तरे नाही अशी आली, तर पुढे मी जे सांगणार आहे त्यातले निम्मे आपल्याला पहिली चार-पाच वर्षे करता येणार नाही.

वर्षाची घडी साधारण अशी असते. जून-जुलैमध्ये प्रवेशाची धांदल, निवड चाचण्या आणि खेळाडूंचे पात्रता अर्ज. हे अर्ज म्हणजे छायाचित्रे, गुणपत्रिका, जन्मतारखेचे पुरावे आणि सह्या. एक कागद कमी पडला तर मुलाचे वर्ष वाया जाते, म्हणून हे काम घाईत करता येत नाही. पावसात आपल्याकडची मैदाने चिखलाने भरलेली असतात, त्यामुळे तोवर बुद्धिबळ, कॅरम, टेबल टेनिस अशा खेळांवर भर, आणि फुटबॉलची मुले मात्र त्या चिखलातच रमतात. गणपती उरकले की कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉलचा हंगाम जोरात येतो. दिवाळीच्या आसपास आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी निवड झालेल्या खेळाडूंची शिबिरे लागतात, डिसेंबर-जानेवारीत मैदानी स्पर्धा आणि महाविद्यालयाचा वार्षिक क्रीडामहोत्सव, त्यानंतर पारितोषिक वितरण आणि परीक्षांचे पर्यवेक्षण. मे महिना बराचसा आपला असतो. थोडक्यात, इतर प्राध्यापक ज्या दिवसांत घरी असतात, सणांच्या आणि सुट्ट्यांच्या, नेमक्या त्याच दिवसांत आपल्याला मैदान बोलावते.

मुंबई विद्यापीठाची व्याप्ती मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत आहे, हेही लक्षात घ्या. सामना मरीन लाइन्सला असेल तर सकाळी सहाला ठाणे स्थानकावर संघ जमवायचा, दादरला गाडी बदलायची, आणि अंतिम सामना लांबला तर परतायला रात्रीचे दहा वाजतात. संघ फलाटावर पांगला की काम संपत नाही. माझ्या मुलांना सक्त सूचना होती की घरी पोहोचल्यावर एक मिस्ड कॉल द्यायचा. बारा खेळाडू असतील तर बारा कॉल मोजून होईपर्यंत मी झोपत नसे, आणि मी जागा म्हणून घरही जागे असे. २००४ च्या अखेरीस ठाणे-वाशी लोकल सुरू झाली आणि कोपरखैरणे, घणसोलीकडची मुले सकाळच्या सरावाला वेळेवर येऊ लागली. मला आनंद झाला, आणि मी सराव अर्धा तास आधी सुरू केला. तो अर्धा तास कुठून आला, हे तेव्हा माझ्या मनातही आले नाही. आमच्या दोन्ही मुलांचा डबा भरायचे आणि त्यांना शाळेत सोडायचे काम त्या दिवसापासून पूर्णपणे पत्नीकडे गेले, आणि ती टपाल खात्यात पूर्णवेळ नोकरी करत होती.

इथे मला खाशाबा जाधवांची गोष्ट आठवते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी त्यांच्याकडे पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, आणि खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस आता राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. मी ही गोष्ट विद्यार्थ्यांना अनेकदा सांगितली आहे आणि खर्डेकरांविषयी माझ्या मनात अपार आदर आहे. परंतु सेवेची वीसेक वर्षे झाल्यावर ती सांगताना एकदा मी मध्येच थांबलो, कारण घर गहाण पडते तेव्हा त्यात राहणारे सगळेच त्या कर्जात असतात, हे मला पहिल्यांदा जाणवले. मी कागदावर सही करून कधी घर गहाण ठेवले नव्हते. मी ते रविवारी सकाळी थोडे, दिवाळीत थोडे, मुलांच्या पालकसभेच्या दिवशी थोडे, असे ठेवत आलो होतो, आणि घरात कोणाला विचारले नव्हते.

मुलाच्या बाबतीतली चूक आपल्याला सांगणे मला आवश्यक वाटते, कारण आपली मुलगी लहान आहे आणि आपल्या हातात वेळ आहे. तो आठवीत असताना शाळेच्या क्रीडामहोत्सवात ८०० मीटर धावला. मी त्या दिवशी मोकळा होतो म्हणून गेलो, दोरीबाहेर उभा राहून प्रत्येक फेरीची वेळ घेतली. तो तिसरा आला. स्कूटरवरून घरी परतताना कळव्याच्या पुलावर मी त्याला सांगितले की पहिल्या फेरीत तू सगळा दम घालवलास, शेवटच्या वळणावर तुझे हात छातीसमोर आडवे जात होते, आणि सुरुवात सावध केली असतीस तर दुसरा क्रमांक हातात होता. यातला शब्द न् शब्द तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता. तो काही बोलला नाही. दोन दिवसांनी पत्नीने कपडे भिजवताना त्याच्या अर्ध्या विजारीच्या खिशातून ते पदक काढले. त्याची फीत ओली झाली होती. तिने ते माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवले आणि ती कार्यालयात निघून गेली. त्यानंतर तो कुठल्याच शर्यतीत उतरला नाही. आज तो ३४ वर्षांचा आहे, आमचे चांगले जमते, रविवारी सकाळी आम्ही येऊरला एकत्र चालायला जातो. पण ती ८०० मीटरची शर्यत आम्हा दोघांमध्ये अजून कुठेतरी आहे.

मी ज्या मुलांना रोज शिकवत होतो ती सूचनांसाठीच माझ्याकडे आलेली होती. माझा मुलगा त्या दिवशी सूचनांसाठी आला नव्हता, वडील आले आहेत म्हणून तो धावला होता. त्यानंतर मी स्वतःला नियम घालून घेतला की घरच्या माणसाने विचारल्याशिवाय त्याच्या बसण्या-उठण्यावर, जेवणावर, धावण्यावर बोलायचे नाही. आपल्या मुलीला पुढे एखाद्या खेळात गती दिसली तर तिला दुसऱ्या प्रशिक्षकाकडे द्या आणि आपण प्रेक्षकांत बसा. याला अपवाद असतात, उत्तम खेळाडू घडवणारे वडीलही आहेत. माझा कल मात्र स्पष्टपणे इकडे आहे.

आता उपयोगी पडलेल्या गोष्टींकडे वळतो. सर्वांत जास्त उपयोग झाला तो स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेचा, आणि ती कल्पना पत्नीची होती. विद्यापीठाचे स्पर्धांचे वेळापत्रक जुलैमध्ये हाती आले की पहिल्या रविवारी आम्ही दोघे जेवणाच्या टेबलाशी बसत असू. आधी ती लाल शाईने लिहायची: मुलीची परीक्षा, माझ्या आईची डोळ्यांची तपासणी, तिच्या माहेरचे कार्य, लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज. तिचे लिहून झाल्यावर मी निळ्या शाईने सामने आणि शिबिरे भरायचो. जिथे दोन रंग एकाच चौकोनात येत, तिथे कोण कुठे जाईल आणि माझ्याऐवजी संघाबरोबर कोणता सहकारी जाईल, हे तिथेच, जुलैमध्येच ठरायचे. सामन्याच्या आदल्या रात्री ठरवायला बसलात तर मैदानच जिंकते, कारण तोपर्यंत बारा मुलांची तयारी झालेली असते आणि घरचा माणूस एकटा असतो. एका वर्षी तिची खात्याअंतर्गत पदोन्नतीची परीक्षा होती. तिने सलग पाच रविवार लाल केले आणि त्या पाचही रविवारी दोन्ही मुलांना मी सरावाला घेऊन गेलो. मुलगी फक्की मारायला शिकली ती तेव्हाच. ती दोरी ताणून धरायची, मी चुन्याचा डबा हलवत रेषेवरून मागे सरकत जायचो, आणि तिच्या दोन्ही वेण्या पांढऱ्या झालेल्या असायच्या. पत्नी ती परीक्षा उत्तीर्ण झाली.

दुसरी गोष्ट म्हणजे मैदानाचे काम आपल्या एकट्यावर उभे राहू देऊ नका. पहिली सात-आठ वर्षे मी शिट्टीपासून पाण्याच्या पिंपापर्यंत सगळे स्वतः करत होतो आणि त्यालाच निष्ठा समजत होतो. एकदा मी तापाने चार दिवस घरी राहिलो आणि परत आल्यावर कळले की चारही दिवस सराव झाला नाही. मुलांची मैदानावर यायची तयारी होती, पण खोलीची किल्ली माझ्या खिशात होती. त्या आठवड्यात मी दोन किल्ल्या करून घेतल्या, कर्णधारांना शरीर तापवण्याचे व्यायाम क्रमाने लिहून दिले, आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी पहिल्या वर्षाच्या मुलांना पकडीत पाय कसा रोवायचा ते शिकवावे अशी पद्धत पाडली. एक मर्यादा मात्र कायम ठेवली. कबड्डीची पूर्ण ताकदीची लढत आणि खो-खोमधला खांबावरचा सूर, हे मी किंवा जबाबदार सहकारी हजर असल्याशिवाय होणार नाही. खांदा निखळला किंवा गुडघा वळला तर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचे हे विद्यार्थ्यावर सोडता येत नाही. बाकी सर्व त्यांच्यावर सोपवले आणि संघ पूर्वीपेक्षा चांगले खेळू लागले. रात्री नऊनंतर फोन फक्त दुखापतीसाठी किंवा घरी न पोहोचलेल्या खेळाडूसाठी, हा नियमही मुलांनी तक्रार न करता पाळला.

आपल्या सासऱ्यांचे वाक्य मी हलके घेणार नाही, परंतु त्याला दुसरी बाजू आहे. खारेगावची एक मुलगी आमच्या खो-खो संघात होती. धावत येऊन खांबावर सूर मारताना तिचा हात गड्याच्या पाठीला नेमका लागे. असे कसब शिकवून येत नाही. तिची आई पोळी-भाजी केंद्र चालवत होती, सकाळी पोळ्या लाटायला मुलगी हवी असे आणि बाहेरगावच्या सामन्यांना तिचा ठाम नकार होता. मी तिच्या घरी जायला निघालो तेव्हा पत्नी म्हणाली, मीही येते. तिथे मी शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी असलेले ५ टक्के आरक्षण, त्यासाठी लागणारे स्पर्धेतले प्रावीण्य, सारे समजावून सांगितले, आणि त्यातून नोकरी मिळेलच असे वचन मी देऊ शकत नाही हेही सांगितले. त्या बाईंनी ऐकून घेतले आणि एकच विचारले, रात्र झाली तर जबाबदार कोण? मी उत्तर देण्याआधी पत्नी म्हणाली, "ताई, संघातली शेवटची मुलगी घरी पोहोचल्याचा फोन येईपर्यंत आमच्याकडे दिवा मालवत नाहीत. मी रोज बघते." मुलीला परवानगी मिळाली ती त्या वाक्यामुळे. खेळाच्या जोरावर तिला नोकरी मिळाली नाही. आज ती डोंबिवलीत एका कार्यालयात हिशेब पाहते. दिवाळीत ती आमच्याकडे येते तेव्हा आधी स्वयंपाकघरात पत्नीला भेटते आणि मग बाहेर येऊन मला नमस्कार करते. हा क्रम मला योग्यच वाटतो.

यावरून घरच्यांनी या कामात सहभागी व्हायलाच हवे, असा अर्थ काढू नका. माझ्या मुलीला मैदान आवडले, मुलाला नको झाले, आईने एकदाही सामना पाहिला नाही. ज्याला जेवढे हवे तेवढेच. महापेहून दमून आलेल्या आपल्या पत्नीने खेळाडूंसाठी पोहे करावेत ही अपेक्षा ठेवणे अन्यायाचे होईल, आणि जुन्या पिढीतल्या आम्हा लोकांनी ती सर्रास ठेवली होती.

आणखी एक व्यावहारिक मुद्दा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत या पदासाठी शारीरिक क्षमतेची चाचणी आहे. पुरुषांनी १२ मिनिटांत ३० वर्षांपर्यंत १८०० मीटर, ४० पर्यंत १५०० आणि ५० पर्यंत ८०० मीटर अंतर काढायचे असते. आपल्याला १५०० मीटर लागतील आणि रोज मैदानावर असणाऱ्याला ते अवघड नाही. मला त्या आकड्यांत दुसरीच गोष्ट दिसते. वीस वर्षांत अपेक्षा निम्म्याहून खाली येते, म्हणजे हे काम आयुष्यभर एकाच पद्धतीने करायचे नाही हे नियमानेच मान्य केले आहे. चाळिशीपर्यंत मी प्रत्येक उडी स्वतः मारून दाखवत होतो. पुढे गुडघ्याने बजावले, आणि तेव्हापासून जे विद्यार्थी कोणत्याच संघात निवडले जात नाहीत त्यांच्यासाठी संध्याकाळचा एक तास खुला ठेवला: चालणे, दोरीवरच्या उड्या, सूर्यनमस्कार, हवे तर लंगडी. माझ्या साऱ्या कामात मला सर्वांत जास्त समाधान त्या तासाने दिले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आता क्रीडेला श्रेयांकही (क्रेडिट) मिळू लागले आहेत, त्यामुळे असा तास अधिकृतपणे मागून घेणे आपल्याला सोपे जाईल. तो वेळापत्रकात बसतो, सहाला संपतो आणि माणूस साडेसातच्या आत ऐरोलीला घरी पोहोचतो.

पद स्वीकारावे का, याचे माझे उत्तर होय असे आहे, मात्र त्याआधी एक करा. मुलाखतीच्या आधी एखाद्या कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला त्या महाविद्यालयाच्या मैदानावर, किंवा ते सराव करतात त्या मैदानावर, पत्नीला बरोबर घेऊन जा. कोणाला काही सांगू नका, कडेला उभे राहून पाहा. रेषा आखलेल्या आहेत का, मुली खेळत आहेत का, पाणी कुठे आहे, दिवे किती वाजता लागतात, शेवटची मुले कशी आणि केव्हा निघतात. परतीच्या गाडीत आपण आधी बोलू नका. पत्नीला काय दिसले ते तिला सांगू द्या, आणि तिने विचारलेल्या प्रश्नांतले दोन-तीन प्रश्न मुलाखतीत प्राचार्यांना जसेच्या तसे विचारा.